बोटांत बसलेलं नाव

पंकजाताई ढोकणे आमच्या भिंगारमध्ये, माझ्या घरापासून चार घरं सोडून राहतात. वय त्रेचाळीस-चव्वेचाळीस. माहेर नेवासा तालुक्यातलं. यजमान रंगनाथ मिलिटरीच्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन नोकरीला आहेत आणि मुलगी सृष्टी नगरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताई घरीच मराठी टायपिंगची कामं करतात. वकिलांची प्रतिज्ञापत्रं, दस्त, अर्ज, कुणाची आत्मचरित्रं, असं काहीही. मी शाळेतून निवृत्त झालो आणि जिल्ह्यातल्या जुन्या बारवांवर, पायऱ्यांच्या विहिरींवर, पुस्तक लिहायला घेतलं, तेव्हापासून माझी हातानं लिहिलेली पानं त्याच टाइप करून देतात. माझं अक्षर मला स्वतःला लागत नाही, त्यांना लागतं.

त्या टाइप करताना पडद्याकडे बघत नाहीत, कागदाकडेच बघतात. नेवाशाच्या टायपिंग क्लासमध्ये तशीच सवय लावली होती. मास्तर हातांवर पुठ्ठा धरायचे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका पानात बारवेच्या पायऱ्यांचं वर्णन चालू असताना मधेच एक नाव आलेलं मला दिसलं होतं, 'बिभीषण भिमाजी गर्जे'. दुसऱ्या कुणाच्या कामातला मजकूर चुकून चिकटला असेल असं समजून मी ते पेन्सिलीनं खोडलं आणि विसरून गेलो. ते नाव कुठून आलं होतं ते मला यंदा कळलं. ताईंनी स्वतः सांगितलं. सांगायला त्यांना सव्वाचार वर्षं लागली होती, आणि सुरुवात झाली ती एका कीबोर्डच्या खरेदीपासून.

यंदा आषाढात त्यांचा जुना कीबोर्ड गेला. तीन बटणांची अक्षरं कधी उठत, कधी नाही. शिवाय वर्षभर त्यांच्या करंगळ्या दुखत होत्या. सृष्टीनं मोबाईलवर बरेच व्हिडिओ पाहून आईला सांगितलं, आता मेकॅनिकल घे. नेहमीच्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराची एकच पातळ चादर असते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःची स्प्रिंग असते. त्यामुळे तो टिकतो आणि बोटांना जोर लागत नाही. पूर्वी पाच-सात हजारांच्या खाली मिळत नसे. आता दोन-अडीच हजारांत बरे मिळतात. तिनं निवडून निवडून दोन काढले आणि सांगितलं, हात लावून बघ आणि यातला एक आण.

ताई नगरला काकासाहेबांच्या दुकानात गेल्या. काकासाहेब साठीचे. पूर्वी टाइपरायटर दुरुस्त करत हिंडायचे. नेवाशाच्या क्लासमध्येही महिन्यातून एकदा तेलाची कुपी घेऊन यायचे, तेव्हापासूनची ओळख. टाइपरायटर गेले तसे ते संगणकाच्या सुट्या भागांच्या धंद्यात आले. त्यांनी दोन्ही कीबोर्ड खोक्यांतून काढून काउंटरवर ठेवले आणि एकेक करून संगणकाला जोडून दिले.

पहिला आवाज न करणारा. बटण लोण्यात बोट बुडावं तसं खाली जाई. उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग होता. जमिनीचे गट नंबर आणि क्षेत्र सारखं टाइप करावं लागणाऱ्या बाईला ती मोठीच सोय. दुसरा जरा अरुंद. त्याला आकड्यांचा वेगळा भाग नव्हता, आणि बटण दाबलं की स्पष्ट 'टक्' वाजे, थेट टाइपरायटरसारखं नाही, पण त्या जातीचं. किंमत जवळजवळ सारखीच. दोन्हींवर इंग्रजी अक्षरं छापलेली, पण त्याचं ताईंना काहीच नव्हतं. त्यांची मराठी अक्षरं बोटांतच होती.

काकासाहेब म्हणाले, काहीतरी टाइप करून बघा. ताईंनी पहिल्यावर दोन ओळी टाइप केल्या, मग दुसऱ्यावर दोन. काकासाहेबांनी चष्मा खाली ओढून पडद्याकडे पाहिलं. चारही ओळींत एकच नाव होतं.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी असं काही ठरवून लिहिलं नाही."

काकासाहेबांनी स्टूल पुढे सरकवलं. दुपारची वेळ, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ताई बसल्या, आणि जे नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं ते त्यांनी त्या दुकानात सांगितलं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एकवीसच्या एप्रिलमध्ये, नगरच्या एका मंगल कार्यालयात रुग्णांसाठी केंद्र उघडलं होतं. ताई तिथे कंत्राटावर डेटा एन्ट्रीला होत्या. त्यांचं टेबल स्टेजवर, जिथे नवरा-नवरीची खुर्ची ठेवतात तिथे. मागच्या भिंतीवर थर्माकोलचे मोर तसेच होते. खाली हॉलमध्ये आणि जेवणाच्या मांडवात खाटा. दर तासाला सॅनिटायझरनं पुसता यावा म्हणून कीबोर्डवर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळलेला असे, त्यामुळे बटणांचा आवाज म्हणून यायचा नाही. दिवसभर त्या नावं टाइप करायच्या आणि आपण काही करतोय असं कानाला कळायचंच नाही.

त्या आठवड्यात बिभीषण गर्जे नावाचे दोन रुग्ण दाखल होते. दोघे पूर्वेच्या कोरडवाहू भागातले, शेजारशेजारच्या गावांचे, वयानंही सारखे. एक बिभीषण भिमाजी, चिंचमाळचे, ते मांडवात. दुसरे बिभीषण भानुदास, टाकळखोरीचे, ते हॉलमध्ये. एका दुपारी अडीचच्या सुमारास मांडवातून चिठ्ठी आली, 'बी. बी. गर्जे, मयत'. ताईंनी पहिली अक्षरं टाइप केली. संगणकानं खाली दोन नावं दाखवली. त्यांनी एकावर बोट ठेवलं. ते भानुदास होतं.

पुढचं सगळं त्या एका बोटानं झालं. वारले होते चिंचमाळचे, पण महापालिकेच्या गाडीबरोबर चिठ्ठी गेली टाकळखोरीच्या नावाची. टाकळखोरीला डॉक्टरांनी फोन करून वडील गेल्याचं कळवलं, आणि त्यांचा मुलगा बजरंग अमरधामच्या भिंतीबाहेर उभा राहून धूर पाहून रडला.

साडेचारला ताईंनी रोजच्याप्रमाणे नातेवाइकांना फोन लावले. ते त्यांच्याकडेच होतं. चिंचमाळला बिभीषण भिमाजींची बायको फोनवर आली. संगणकात आता भिमाजीच जिवंत होते, पण ताईंच्या पुढ्यातला 'बी. बी. गर्जे' असा कागद हॉलमधल्या, खरोखर जिवंत माणसाचा होता. त्यावर बघून त्यांनी सांगितलं, तब्येत ठीक आहे, जेवले, ऑक्सिजन काढलाय, दोन-तीन दिवसांत सोडतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमधल्या माणसानं आपलं पूर्ण नाव सांगितलं तेव्हा घोळ उघडा पडला. त्याच वेळी फाटकाशी चिंचमाळचा टेम्पो येऊन उभा होता. नवरा बरा झाला असं ऐकून ती बाई आदल्या दिवशीच निघाली होती. हातात पिशवी, पिशवीत धुतलेलं धोतर आणि लापशीचा डबा. केंद्राच्या प्रमुखांनी तिला लांबून सांगितलं की तुमचे पती काल गेले, अंत्यविधीही झाला, संगणकाची चूक झाली. ताई स्टेजच्या बाजूच्या खिडकीतून बघत होत्या. ती बाई किंचाळली नाही. तिनं विचारलं, "मग काल जेवलं कोन?"

ताई खाली गेल्या नाहीत. त्यांना कुणी काही विचारलंही नाही. आणखी दोन महिने त्यांनी त्याच टेबलावर काम केलं.

तेव्हापासून बोटं मोकळी सुटली की ते नाव लिहायची. पेन चालतं का बघायला कागदावर रेघोट्या ओढाव्यात तसं. लग्नाच्या पत्रिकेत, सातबाऱ्याच्या अर्जात, कुठेही. त्या प्रत्येक पान दोनदा तपासून ते काढून टाकायच्या. घरात कुणाला हे माहीत नव्हतं.

काकासाहेबांनी ऐकून घेतलं. त्यांनी समजूत घातली नाही की दोषही दिला नाही. एवढंच विचारलं, "त्या बाईंना माहीत आहे का, की बोट तुमचं होतं?"

ताईंनी मान हलवली, नाही.

काकासाहेबांनी दोन्ही कीबोर्ड पुन्हा खोक्यांत घातले. म्हणाले, दोन्ही घरी न्या, आठ दिवस काम करून बघा, एक ठेवा आणि एक आणून द्या. जुन्या ओळखीवर त्यांनी पावतीही केली नाही.

पहिले चार दिवस ताईंनी आवाज न करणारा वापरला. सृष्टीचं मत तेच होतं, रंगनाथरावांचंही तेच, घरात कटकट नको. करंगळ्यांचं दुखणं खरोखर थांबलं. आकड्यांची कामं भरभर होऊ लागली. पण तो आवाजाचा अभाव त्यांच्या ओळखीचा होता. बोटं चालत होती आणि कानाला काही कळत नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांना वाटलं, पाठीमागे थर्माकोलचे मोर आहेत. त्यांनी वळून पाहिलं. भिंतीवर रंगनाथरावांच्या ऑफिसचं कॅलेंडर होतं.

पाचव्या दिवशी सकाळी जया वकिलांचा फोन आला. वीस वर्षं वकिली करणाऱ्या, नेमकं बोलणाऱ्या बाई. त्यांच्या अशिलाच्या वारस दाखल्याचं प्रतिज्ञापत्र ताईंनी आदल्या दिवशी पाठवलं होतं.

"पंकजाताई, मयताला वारस चार आहेत. तुम्ही पाच लिहिलेत," जया म्हणाल्या. "पाचवे हे बिभीषण भिमाजी गर्जे कोण? अशील माझ्यासमोर बसलेत. ते म्हणतात, आमच्या सात पिढ्यांत गर्जे नाहीत."

ताईंनी माफी मागितली, कागद दुरुस्त करून पाठवला. जयाबाईंनी आवाज चढवला नाही, पण हेही सांगितलं की सही झाली असती तर प्रकरण कोर्टात गेलं असतं. फोन ठेवल्यावर ताईंनी आदल्या चार दिवसांची सगळी कामं उघडून पाहिली. सात ठिकाणी ते नाव होतं. दोनदा तपासूनही सुटलेलं. त्यातलं एक माझ्याच पानात होतं.

त्याच दिवशी त्यांनी दुसरा कीबोर्ड जोडला. टक् टक् आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. रंगनाथराव चहा घेत होते. म्हणाले, हा टाइपरायटर कुठून आणला. ताई टाइप करत राहिल्या. त्यांना त्या आवाजात एक गोष्ट कळली होती. प्रत्येक नावाची स्वतःची चाल असते. रंगनाथचा ठेका वेगळा, सृष्टीचा वेगळा. बोटं ते नाव लिहायला लागली की तीनचार टकटकींतच कानाला ओळखू यायचं, आणि त्या हात उचलायच्या. थांबवता येत होतं. चार वर्षांत पहिल्यांदा ते नाव पूर्ण होण्याआधी थांबलं.

आठव्या दिवशी त्यांनी आवाज न करणारा काकासाहेबांना परत दिला. सृष्टी वैतागली. सगळ्या बाबतीत सरस असलेला परत करून आकड्यांचा भागसुद्धा नसलेला ठेवलास, असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. ताईंनी तिला एवढंच सांगितलं की मला ऐकू यायला पाहिजे.

पण ऐकू यायला लागल्यावर दुसराच त्रास सुरू झाला. पूर्वी नाव नकळत यायचं, नकळत पुसलं जायचं. आता दिवसातून दहादा त्यांना ते येताना ऐकू यायचं. दाराशी कुणी यावं, कडी वाजवावी आणि आपण आतून दार दाबून धरावं, तसं. श्रावण लागला तेव्हा त्यांनी ठरवलं, चिंचमाळला जायचं. रंगनाथरावांना आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मी येऊ का बरोबर? ताई नको म्हणाल्या.

एस.टी.नं तालुक्याच्या गावापर्यंत आणि पुढे जीपनं त्या गेल्या. चिंचमाळ म्हणजे डोंगराच्या पायाशी साठ-सत्तर घरं. निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं, श्रावणात सगळे घरी असतात. बिभीषण गर्जेंचं घर विचारल्यावर एका म्हाताऱ्यानं बोट दाखवलं.

त्यांची बायको आक्काबाई अंगणात बाजेवर मटकी निवडत बसल्या होत्या. पंचावन्नच्या आसपास वय, उन्हानं रापलेल्या, हात जाड. ताईंनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, मी नगरहून आलेय, भिंगारहून, तुमच्याशी थोडं बोलायचं होतं.

आक्काबाईंचा हात सुपात थांबला.

"तुमी त्या फोनवाल्या बाई न्हवं?"

ताईंनी अजून नावही सांगितलं नव्हतं. सव्वाचार वर्षांपूर्वी एका मिनिटाचा फोन झाला होता, तेवढ्यावर त्यांनी आवाज ओळखला. ताई तिथेच जमिनीवर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. चिठ्ठी, दोन नावं, त्यातल्या चुकीच्या नावावर ठेवलेलं बोट, खिडकीतून बघणं, गप्प बसणं. रडणार नाही असं ठरवून आल्या होत्या, तशा रडल्या नाहीत. आक्काबाईंनी मधे एकदाही थांबवलं नाही. त्या खडे काढून बाजूला ठेवत राहिल्या. मग म्हणाल्या,

"नावात घोळ व्हतो, बाई. मुकादमाच्या वहीतसुदिक व्हतो. दोन मानसं एका नावाची, एका वळीला बसलेली. त्याचं मी मनात धरलं न्हाई."

ताईंना वाटलं आता सुटले. पण आक्काबाईंनी सूप खाली ठेवलं.

"तवा तुमी फोनवर आनखी एक बोलला हुता. ते आठवतंय का?"

ताईंना आठवत होतं. ते त्यांनी काकासाहेबांना सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, आणि खरं म्हणजे स्वतःलाही नाही.

"'तुमची आठवन काढत हुते', असं म्हनला हुता," आक्काबाई म्हणाल्या. "आमी वीस सालं बरोबर ऊस तोडला. एक कोयता म्हनून. त्यो मानूस तोंडानं कदी गोड बोलला न्हाई. आन् तिथं खाटेवर पडून आठवन काढली, हे ऐकून मला लई... मी गावभर सांगितलं. चार वरीस मी त्येवढंच धरून हाय. आता खरं सांगा. काढली हुती का?"

ताई मला म्हणाल्या, त्या क्षणी हो म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द. पण एकदा एक शब्द सोपा म्हणून उचलला होता त्याचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं.

"मी सगळ्यांनाच तसं सांगायचे," त्या म्हणाल्या. "रोज चाळीस-पन्नास फोन असायचे. लोकांना बरं वाटावं म्हणून. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. आणि मी फोन केला तेव्हा ते जाऊन दोन तास झाले होते."

आक्काबाई उठल्या. शेळीचं दावं सोडून दुसऱ्या खुंट्याला बांधलं. त्याची काही गरज नव्हती, शेळी सावलीतच होती. परत येऊन उभ्याउभ्याच म्हणाल्या,

"मग ते कशाला बोललीस?"

तुमीवरून त्या तूवर आल्या होत्या. आक्काबाईंनी चुलीवर चहा ठेवला, कपात ओतून ताईंच्या पुढ्यात ठेवला, स्वतः घेतला नाही. ताईंनी तो चहा प्यायला. निघताना काय बोलावं ते कळेना, म्हणून त्यांनी मोबाईल नंबर लिहिलेला कागद बाजेवर ठेवला आणि त्या जीपकडे चालत गेल्या.

त्या दिवसापासून बोटांतलं नाव कमी झालं. पंधरा दिवसांनी जवळजवळ गेलंच. पण ताईंच्या बोलण्यात काहीतरी अडकायला लागलं. शेजारच्या बाईचं ऑपरेशन होतं, सगळ्या म्हणाल्या बरं होईल, ताईंच्या तोंडून ते शब्द निघेनात. सृष्टी पेपर देऊन आली, कसा गेला विचारलं, ती म्हणाली अवघड, आणि आईनं 'होशील पास' म्हणायला हवं तिथे आई तोंड उघडून तशीच राहिली. त्यांना प्रत्येक वेळी 'मग ते कशाला बोललीस?' हा प्रश्न ऐकू यायचा. मी एकदा म्हणालो, ताई, माणसं एकमेकांना असं बोलतातच, त्याला खोटं म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, सर, मी तिच्याकडे होतं ते काढून घेतलं आणि बदल्यात काही दिलं नाही. खरं बोलून आपल्याला मोकळं व्हायचं होतं म्हणून बोलले की तिच्यासाठी बोलले, ते मला अजून कळत नाही.

भाद्रपदात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आक्काबाई होत्या. नमस्कार वगैरे काही नाही. म्हणाल्या, "येत्या आयतवारी ह्यांची पित्रं हायेत. जेवाया या."

ताई गेल्या. अंगण सारवलेलं होतं. घरात मुलगा, सून, चार शेजारी. आणि पितर म्हणून पाटावर एक माणूस बसला होता, सडपातळ, पांढरी मिशी, स्वच्छ टोपी. आक्काबाई त्याला वाकून वाढत होत्या, खीर, वडे, गवारीची भाजी. त्यानं नको म्हणून हात आडवा केला तरी वाढत होत्या. ताईंना सूनबाईंनी हळूच सांगितलं, हे टाकळखोरीचे. बिभीषण भानुदास. दर साली तेच बसतात.

पहिल्या वर्षी तो स्वतःहून आला होता. मला तुमच्या माणसाच्या जागी आणि त्याला माझ्या जागी धरलं, तेव्हा मला इथं येऊन जेवणं भाग आहे, असं म्हणाला होता. त्यानं मेलेल्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. तरी चार वर्षं त्याच्या नावानं येऊन जेवत होता. आक्काबाईंनी नवऱ्याला कधी नावानं हाक मारली नव्हती, त्यांच्या पिढीत मारत नाहीत. याला मात्र 'बिभीषनभाऊ' म्हणत.

जेवणं झाल्यावर आक्काबाईंनी त्याला सांगितलं, ह्या फोनवाल्या बाई. तो ताईंकडे बघत राहिला. ताईंना वाटलं आता हाही विचारेल. पण तो स्वतःचंच सांगायला लागला. त्याच्या बायकोनं त्या दिवशी बांगड्या फोडल्या, त्यानंतर तो जिवंत घरी आला तरी वर्षभर तिनं नव्या भरल्या नाहीत. भरल्या की पुन्हा फोडाव्या लागतील म्हणून. बजरंग आजही बापाशी बोलताना मधेच थांबून चेहऱ्याकडे बघतो. आणि रेशन कार्डावर अजून त्याचं नाव नाही. मेला म्हणून काढलेलं परत चढेना. तीन अर्ज झाले.

"मी करून देते अर्ज," ताई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात तो कागदपत्रांची पिशवी घेऊन भिंगारला आला. त्या दिवशी मी माझी पानं द्यायला गेलो होतो, म्हणून हे मी स्वतः पाहिलं. तो खुर्चीत अवघडून बसला. ताईंनी टाइप करायला घेतलं. 'अर्जदार' लिहिलं आणि पुढे 'बिभीषण' लिहून थांबल्या. मग एकेक अक्षर करत, टक्, टक्, प्रत्येक अक्षरानंतर पडद्याकडे बघत त्यांनी 'भानुदास' लिहिलं. मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग असलेल्या बाईला त्या एका शब्दाला अर्धं मिनिट लागलं असेल.

अर्ज पूर्ण झाल्यावर त्यांनी वाचून दाखवला. तो म्हणाला, यात एक राहिलं. माझ्या जागी चिंचमाळचे बिभीषण भिमाजी गर्जे गेले, असं लिव्हा.

ताईंनी समजावलं की रेशनच्या अर्जात त्याची जरूर नाही, उलट गोंधळ होईल.

"व्हऊ द्या," तो म्हणाला. "माझं नाव चढलं की त्यांचं कुठंच राह्यचं न्हाई. एका कागदावर तरी ऱ्हाऊ द्या."

ताईंनी ती ओळ घातली. कचेरीतल्या कारकुनानं तिच्याभोवती लाल पेननं गोल केला आणि ही भानगड कशाला म्हणून विचारलं, पण अर्ज घेतला. दिवाळीच्या आधी नाव चढलं.

दिवाळी झाली आणि आक्काबाई मुलगा-सुनेबरोबर ट्रकमध्ये बसून कारखान्याकडे गेल्या. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, एकटीचा अर्धा कोयता. ताईंची अडखळ अजून आहे. आजाऱ्याला भेटायला जायचं असलं की त्या टाळतात, नाहीतर गुपचूप पाणी भरून देऊन, भांडी घासून येतात. बोटं कधीमधी ते नाव सुरू करतात. त्या हात उचलतात.

परवा दुपारी त्यांना उसाच्या फडातून फोन आला. मी समोर बसलो होतो. आक्काबाईंना काहीच काम नव्हतं. बिभीषनभाऊंचं धान्य मिळालं का, एवढं विचारलं. मिळालं, ताई म्हणाल्या. मागून उसाचं पाचट वाजल्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. फोन कुणीच ठेवेना.

"बोल काहीतरी," पलीकडून आवाज आला.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. आणि सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते त्या सांगायला लागल्या. पाणी आठला आलं. मेथीची एकच जुडी मिळाली. सृष्टीची बस चुकली, मग ती रिक्षानं गेली. पलीकडून मधूनमधून 'हं' एवढंच येत होतं.

मी पानं टेबलावर ठेवली आणि उठून बाहेर आलो.